रापा नुई (ईस्टर आयलंड) प्रवास : बेळगाव सीमाभागातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी या भागांतील मराठी प्रवाशांकडून, मोआई या भव्य दगडी मूर्तींसाठी ओळखल्या जाणाऱ्या रापा नुई बेटाविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. प्रश्न शक्य तेवढे विचारणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. एक विषय दुसऱ्यात शिरतो तेथे संबंधित प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. व्हिसाचे नियम, प्रवेशशुल्क आणि विमानांची वेळापत्रके बदलत असतात, त्यामुळे पैसे भरण्यापूर्वी चिलीच्या दूतावासाकडून आणि विमान कंपनीकडून खात्री करून घ्यावी.

१. ईस्टर आयलंड आणि रापा नुई ही दोन वेगळी बेटे आहेत का? ती कोणत्या देशात येतात?

बेट एकच आहे. तेथील लोक बेटाला, स्वतःला आणि आपल्या भाषेलाही रापा नुई म्हणतात. डच दर्यावर्दी याकोब रोखेव्हेन ५ एप्रिल १७२२ रोजी, ईस्टरच्या रविवारी, तेथे पोहोचला आणि युरोपीय नकाशांवर ईस्टर आयलंड हे नाव चढले. १८८८ पासून बेट चिली या देशाच्या ताब्यात आहे. ते पॅसिफिक महासागरात, चिलीच्या किनाऱ्यापासून साडेतीन हजार किलोमीटरहून अधिक दूर आहे, आणि सर्वांत जवळची मनुष्यवस्ती म्हणजे सुमारे दोन हजार किलोमीटरवरचे पिटकेर्न बेट. क्षेत्रफळ सुमारे १६३ चौरस किलोमीटर, म्हणजे खानापूर तालुक्याचा एक लहानसा कोपरा. २०१७ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या पावणेआठ हजारांच्या आसपास असून जवळजवळ सगळी वस्ती हांगा रोआ या एकाच गावात आहे.

२. बेळगावहून जायचे कसे? पूर्वेकडून जवळ पडते की पश्चिमेकडून?

पृथ्वीच्या गोलावर रापा नुईच्या बरोबर विरुद्ध टोकाला जो बिंदू येतो, तो राजस्थानात जैसलमेरच्या परिसरात आहे. म्हणजे भारतातून याहून लांबचे ठिकाण शोधूनही सापडणार नाही, आणि कोणत्याही दिशेने निघाले तरी अंतरात फारसा फरक पडत नाही. म्हणून मार्ग अंतर पाहून न निवडता वाटेतील देशांचे व्हिसाचे नियम, विमान बदलताना मिळणारा वेळ आणि तिकिटाची किंमत पाहून निवडावा.

बेटावर जाणारी नियमित प्रवासी विमाने सध्या चिलीची राजधानी सांतियागो येथूनच सुटतात. ही सेवा एकच विमान कंपनी देते आणि प्रवासाला साधारण पाच ते साडेपाच तास लागतात. भारतातून सांतियागोला थेट विमान नाही. सांबऱ्याहून विमानाने किंवा महामार्गाने रात्रीच्या बसने मुंबई गाठावी आणि तेथून युरोपमार्गे, आखाती देश व ब्राझीलमार्गे, अथवा ऑस्ट्रेलियामार्गे सांतियागोला जावे, असा सर्वसाधारण क्रम असतो. घरातून निघाल्यापासून हांगा रोआला सामान ठेवेपर्यंत दोन दिवसांहून अधिक वेळ जातो, हे आधीच गृहीत धरलेले बरे.

येथे एक सल्ला आग्रहाने द्यावासा वाटतो. सांतियागोला पोहोचल्यावर त्याच दिवशी बेटाचे विमान धरण्याचा मोह टाळावा. मुंबईहून येणारे आणि बेटाकडे जाणारे तिकीट वेगवेगळ्या आरक्षणांवर असेल, तर पहिले विमान उशिरा आल्याची जबाबदारी दुसरी कंपनी घेत नाही. सांतियागोत एक रात्र मुक्काम ठेवला तर हा धोका टळतो आणि शरीरालाही विसावा मिळतो.

३. मुंबईहून किंवा चिलीहून बोटीने जाता येईल का?

नियमित प्रवासी बोट नाही. काही पर्यटन जहाजे जगप्रदक्षिणेत येथे थांबतात. परंतु मोठ्या जहाजांना लागेल असा धक्का नसल्याने प्रवाशांना लहान होड्यांतून उतरवले जाते, आणि समुद्र खवळलेला असेल तर जहाज बेट लांबूनच दाखवून पुढे निघून जाते. केवळ हे बेट पाहण्यासाठी जहाजाची सहल घेणे आम्हाला पटत नाही.

४. व्हिसा चिलीचा लागतो की बेटाचा वेगळा?

बेटाचा वेगळा व्हिसा नाही. भारतीय पारपत्रधारकाला चिलीचा पर्यटक व्हिसा लागतो. त्याचा अर्ज ऑनलाइन भरला जातो आणि भारतात चिलीचा दूतावास नवी दिल्ली येथे आहे. ज्यांच्याकडे अमेरिकेचा व्हिसा आहे त्यांच्यासाठी सवलत आहे. तिच्याविषयी प्रश्न क्र. १७ पाहावा.

मात्र व्हिसा हाती आला म्हणजे बेटाचा दरवाजा उघडला असे नाही. १ ऑगस्ट २०१८ पासून लागू झालेल्या कायद्यानुसार बेटावर न राहणाऱ्या प्रत्येकाला, मग तो चिलीचा नागरिक का असेना, जास्तीत जास्त ३० दिवस राहता येते. प्रवासापूर्वी सरकारी संकेतस्थळावर प्रवेशाचा अर्ज भरावा लागतो. त्यासाठी परतीचे तिकीट आणि चिलीच्या राष्ट्रीय पर्यटन सेवेकडे, म्हणजे सेर्नातूरकडे, नोंद असलेल्या निवासाचे आरक्षण लागते. बेटावरील एखादे कुटुंब आपल्याला बोलावत असेल तर आरक्षणाऐवजी रीतसर आमंत्रणपत्र चालते. सांतियागो विमानतळावर विमानात चढण्यापूर्वी ही कागदपत्रे तपासली जातात. स्वस्त मिळाली म्हणून नोंदणी नसलेली खोली घेतली तर अडचण येथेच उभी राहते.

५. आमच्या पासपोर्टवर “बेळगाम” आहे आणि आधारवर “बेळगावी”. काही दाखले कन्नडमध्ये आहेत. व्हिसाला अडचण येईल का?

सीमाभागातून येणाऱ्या प्रश्नांपैकी हा सर्वाधिक वेळा येणारा प्रश्न आहे. शहराचे अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून बदलले, त्यामुळे जुन्या पारपत्रांवर एक आणि नव्या कागदांवर दुसरे नाव असणे स्वाभाविक आहे. अर्जात जन्मस्थान पारपत्रावर जसे छापले आहे तसेच, त्याच स्पेलिंगने लिहावे. आपल्याला कोणते नाव योग्य वाटते हा विचार येथे बाजूला ठेवावा. दोन्ही नावे एकाच शहराची असून बदल २०१४ मध्ये झाला, असे दोन ओळींचे इंग्रजी निवेदन सोबत जोडल्यास पुढचा पत्रव्यवहार वाचतो.

स्थळनामापेक्षा व्यक्तिनामाचा घोळ अधिक त्रासदायक ठरतो. मराठी शाळेच्या दाखल्यावर स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असे पूर्ण नाव असते. कर्नाटकातील काही कार्यालयांत तेच नाव आद्याक्षरांनी नोंदवले जाते. आणि पारपत्रावर कधीकधी आडनावाचा रकाना रिकामाच राहून संपूर्ण नाव एका ओळीत आलेले असते. विमानाचे तिकीट, निवासाचे आरक्षण, बेटाचा प्रवेश-अर्ज आणि विमा या चारही ठिकाणी नाव पारपत्रानुसारच असावे. आडनावाचा रकाना रिकामा असेल तर तिकीट काढण्यापूर्वी विमान कंपनीला विचारून घ्यावे किंवा पारपत्रच दुरुस्त करून घ्यावे. दुसरा मार्ग वेळखाऊ असला तरी आयुष्यभराची कटकट मिटवतो.

कन्नड किंवा मराठी कागदांचे इंग्रजी भाषांतर नोटरीकडून साक्षांकित करून जोडावे. शेतीचे उत्पन्न दाखवणाऱ्यांनी नुसता उतारा न देता त्यासोबत बँकेचे सहा महिन्यांचे विवरण द्यावे, कारण जमिनीचा आकार पाहून परदेशी अधिकाऱ्याला खात्यात किती पैसा आहे हे कळत नाही.

६. कोणते आरक्षण आधी करावे? सगळेच एकमेकांवर अवलंबून दिसते.

गोंधळ होतो हे खरे आहे, कारण व्हिसासाठी आरक्षण दाखवावे लागते आणि व्हिसा मिळेपर्यंत आरक्षण पक्के करण्याची भीती वाटते. प्रथम पारपत्राची मुदत आणि नाव तपासावे; परतीच्या दिवसापुढे किमान सहा महिने मुदत असावी. नंतर रद्द करता येण्याजोगे निवास व तिकिटाचे आरक्षण करून व्हिसाचा अर्ज भरावा. व्हिसा मिळाल्यावर सांतियागो ते बेट आणि परत हे तिकीट सर्वांत आधी पक्के करावे, कारण जागा मर्यादित आणि पर्याय शून्य आहे. भारत ते सांतियागो या प्रवासाच्या तारखा त्याभोवती बसवाव्यात. बहुतेक लोक उलट करतात आणि मग सांतियागोत चार दिवस बसून राहतात. शेवटी बेटाचा प्रवेश-अर्ज आणि उद्यानाचे तिकीट (प्रश्न क्र. १०).

७. पिवळ्या तापाची लस घ्यावी लागते का?

चिलीत प्रवेश करण्यासाठी लागत नाही. अडचण परतताना येऊ शकते. ब्राझीलसारख्या पिवळ्या तापाच्या देशातून भारतात येणाऱ्या प्रवाशाकडे लशीचे वैध प्रमाणपत्र नसेल, तर त्याला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवण्याची तरतूद आपल्या नियमांत आहे. विमान बदलताना विमानतळाबाहेर न पडलेल्यांना सूट मिळू शकते, परंतु तो निर्णय आरोग्य अधिकाऱ्याचा असतो. मार्ग ब्राझीलमधून असेल तर लस घेऊन ठेवणे शहाणपणाचे. ती केवळ सरकारमान्य केंद्रांवरच मिळते आणि प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी ग्राह्य होते, त्यामुळे निघण्याच्या आदल्या आठवड्यात धावपळ करून उपयोग नाही. वयस्क व्यक्तींनी आणि गरोदर स्त्रियांनी आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

८. मुलांच्या उन्हाळी सुट्टीत गेलो तर चालेल का? हवामान कसे असते?

चालेल, पण आम्ही दिवाळीच्या सुट्टीला प्राधान्य देऊ. बेट दक्षिण गोलार्धात असल्याने डिसेंबर ते फेब्रुवारी हा तेथील उन्हाळा आणि जून ते ऑगस्ट हा थंडीचा काळ. पाऊस वर्षभर अधूनमधून पडतो आणि साधारण एप्रिल ते जून या महिन्यांत थोडा अधिक असतो. आपली उन्हाळी सुट्टी नेमकी त्यातच येते. अर्थात जांबोटी-कणकुंबीच्या पावसाची सवय असणाऱ्याला तो पाऊस वाटणारही नाही. त्रास होतो तो वाऱ्याचा. वारा सतत असतो, सावली फार कमी, आणि ढग असले तरी ऊन भाजते. छत्री निरुपयोगी ठरते. हलका रेनकोट आणि हनुवटीखाली बांधता येणारी टोपी घ्यावी. फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात तापाती हा बेटाचा मोठा उत्सव असतो. त्या काळात निवास महाग होते आणि लवकर भरते.

९. किती दिवस पुरेसे आहेत? दोन दिवसांत होते असे ऐकले.

दोन दिवसांत छायाचित्रे होतात. एवढा खर्च आणि प्रवास करून गेल्यावर किमान चार पूर्ण दिवस द्यावेत. पाच मिळाले तर उत्तम. पहिला दिवस वेळेच्या फरकामुळे अर्धवट जातो, एखादा दिवस पावसाने जातो, आणि तोंगारिकी हे ठिकाण सूर्योदयाला तसेच ताहाई सूर्यास्ताला पाहावे असे आहे.

१०. प्रवेशाचे तिकीट कोठे मिळते? मार्गदर्शक घेतलाच पाहिजे का?

बेटाचा मोठा भाग १९३५ मध्ये राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाला आणि १९९५ पासून ते युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. त्याचे व्यवस्थापन आता माउ हेनुआ या स्थानिक रापानुई समुदायाच्या संस्थेकडे आहे. तिकीट ऑनलाइन किंवा हांगा रोआतील त्यांच्या कार्यालयात मिळते आणि दहा दिवस चालते. मात्र रानो राराकू आणि ओरोंगो (प्रश्न क्र. १२) या दोन ठिकाणी त्या तिकिटावर एकदाच प्रवेश मिळतो, त्यामुळे तेथे जाण्याचा दिवस हवामान पाहून ठरवावा.

महासाथीनंतर ऑगस्ट २०२२ मध्ये बेट पुन्हा खुले झाले, तेव्हापासून बहुतेक महत्त्वाच्या स्थळांवर मान्यताप्राप्त मार्गदर्शकाशिवाय किंवा स्थानिक यजमानाशिवाय जाता येत नाही. काहींना ही सक्ती जाचक वाटते. आमचे मत वेगळे आहे : मूर्तींच्या चौथऱ्याचा कोणता भाग पवित्र मानला जातो आणि गवतात पालथा पडलेला दगड हा प्रत्यक्षात मूर्ती आहे, हे सांगणारा कोणी सोबत नसेल तर ते आपल्याला दिसतच नाही. मार्गदर्शक प्रामुख्याने स्पॅनिश व इंग्रजी बोलतात. ड्रोन उडवण्यासाठी स्वतंत्र परवानगी लागते.

११. मोआई म्हणजे देव आहेत का? एकूण किती आहेत?

देव म्हणण्यापेक्षा पूर्वज म्हणणे अधिक बरोबर. प्रत्येक कुळाने आपल्या थोर पूर्वजांच्या स्मरणार्थ या मूर्ती घडवल्या आणि समुद्रकाठच्या आहू नावाच्या दगडी चौथऱ्यांवर उभ्या केल्या. आपल्याकडे हलशीसारख्या जुन्या गावांत देवळाच्या आवारात वीरगळ उभे असतात, गावासाठी पडलेल्या माणसाची आठवण म्हणून. त्या भावनेशी मोआईंचे नाते जोडता येईल, मात्र मोआईंकडून कुळाला संरक्षण आणि ‘माना’ म्हणजे सामर्थ्य मिळते अशीही श्रद्धा होती. म्हणूनच जवळजवळ सर्व मूर्ती समुद्राकडे पाठ करून आपल्या वस्तीकडे पाहतात.

त्यांची संख्या नऊशेच्या आसपास आहे. सरासरी उंची चार मीटर आणि वजन साडेबारा टनांच्या घरात. बहुतेक मूर्ती सुमारे १२५० ते १५०० या काळात रानो राराकू या ज्वालामुखीच्या राखेच्या खडकातून कोरल्या गेल्या. काहींच्या डोक्यावर पुकाओ नावाचा लालसर दगडी गोळा असतो. तो पुना पाऊ या वेगळ्या खाणीतला. डोळ्यांच्या खोबणी मूर्ती चौथऱ्यावर चढल्यानंतरच कोरल्या जात आणि त्यात पांढऱ्या प्रवाळाचे डोळे बसवले जात. असा एक मूळ डोळा १९७८ मध्ये अनाकेना येथे सापडला. तो हांगा रोआच्या संग्रहालयात पाहता येतो आणि त्याच्यासमोर पाच मिनिटे थांबावे.

“नुसती डोकीच आहेत ना?” असेही विचारले जाते. नाही. रानो राराकूच्या उतारावरील मूर्ती शतकानुशतके वाहून आलेल्या मातीत खांद्यापर्यंत बुजल्या आहेत. खाली पूर्ण धड आहे आणि पोटावर लांब बोटांचे हात कोरलेले आहेत.

१२. वेळ कमी असेल तर कोणती ठिकाणे चुकवू नयेत?

एकच ठिकाण निवडायचे झाले तर रानो राराकू. सुमारे चारशे मूर्ती येथे घडणीच्या वेगवेगळ्या टप्प्यांवर जशाच्या तशा राहिल्या आहेत. एखादीचा चेहरा पूर्ण होऊन नाकाची कड अजून धारदार आहे, पण पाठ खडकाला चिकटलेलीच आहे, कारण कारागीर दोन्ही बाजूंनी कोरत जाऊन पाठीखालचा कणा सर्वांत शेवटी तोडत असत. जवळ जाऊन पाहिले तर बसाल्टच्या छिन्नीचे ठोके दगडावर दिसतात. येथेच सुमारे २१ मीटर लांबीची, कधीही न हललेली सर्वांत मोठी मूर्ती आडवी आहे. ऑक्टोबर २०२२ मधील वणव्यात या परिसरातील काही मूर्तींना झळ पोहोचली.

तेथून दिसणारा आहू तोंगारिकी हा १५ मोआईंचा चौथरा. २२ मे १९६० रोजी चिलीतील ९.५ तीव्रतेच्या भूकंपाने उठलेल्या त्सुनामीने या प्रचंड मूर्ती आत जमिनीवर फेकून दिल्या होत्या; १९९० च्या दशकात जपानी कंपनीने दिलेल्या क्रेनच्या साहाय्याने त्या पुन्हा उभ्या करण्यात आल्या. आज बेटावर चौथऱ्यांवर जी रांग दिसते, ती सर्वच विसाव्या शतकात पुन्हा उभी केलेली आहे, कारण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत चौथऱ्यांवरचा प्रत्येक मोआई पाडला गेला होता किंवा पडला होता.

ओरोंगो येथे मूर्ती नाहीत म्हणून अनेक जण ते वगळतात, आणि ती मोठी चूक ठरते. रानो काऊच्या विवराच्या काठावर, एका बाजूला गोड्या पाण्याचे तळे आणि दुसऱ्या बाजूला समुद्रात कोसळणारा कडा, अशा जागी पातळ शिळांची बुटकी घरे आहेत. मोआईंचे युग ओसरल्यावर येथे ‘तांगाता मानू’ म्हणजे पक्षीमानवाची प्रथा रूढ झाली : प्रत्येक कुळाचा प्रतिनिधी कडा उतरून मोतू नुई या खडकाळ बेटावर पोहत जाई आणि मोसमातील पहिले अंडे आणणाऱ्याच्या प्रमुखाला वर्षभराचा मान मिळे. ही प्रथा १८६० च्या दशकापर्यंत चालली.

आहू अकिवीचे सात मोआई समुद्राच्या दिशेने तोंड करून आहेत, व्हिनापूची दगडी जोडणी थक्क करणारी आहे, आणि अनाकेनाला पांढऱ्या वाळूचा किनारा असल्याने तेथे मुलेही रमतात.

१३. एवढे वजन त्यांनी हलवले कसे? आणि मूर्तींपायी झाडे तोडून ते लोक संपले, हे खरे का?

शाळांत हे प्रश्न एकत्र विचारले जातात, म्हणून उत्तरही एकत्र देतो. लाकडी घसरगाड्यांवरून ओढल्या, ही जुनी कल्पना. बेटाची परंपरा मात्र सांगते की मोआई स्वतः चालत गेले. २०१२ मध्ये टेरी हंट व कार्ल लिपो यांनी जाहीर केलेल्या प्रयोगात सुमारे पाच टनांची प्रतिकृती उभी ठेवून, तीन बाजूंच्या दोरखंडांनी आळीपाळीने झुलवत अवघ्या १८ माणसांनी ‘चालवून’ दाखवली. वाटेत पडलेल्या मूर्तींचे तळ पुढे झुकलेले आहेत, हे या मताला पोषक आहे. वाद अजून मिटलेला नाही.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर अधिक काळजीपूर्वक द्यावे लागते. बेटावरील ताडाची जंगले नष्ट झाली हे खरे, आणि त्यात माणसांबरोबर त्यांच्या होड्यांतून आलेल्या उंदरांचाही वाटा असल्याचे मानले जाते. परंतु त्यामुळे लोक आपसांत लढून संपले, ही कथा आता डळमळीत झाली आहे. २०२४ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात आलेल्या, १५ प्राचीन व्यक्तींच्या डीएनएच्या अभ्यासात सतराव्या शतकात लोकसंख्या कोसळल्याची खूण आढळली नाही. खरा घाला नोंदलेल्या इतिहासातला आहे : १८६२-६३ मध्ये पेरूच्या गुलाम-व्यापाऱ्यांनी सुमारे दीड हजार लोक पळवून नेले, परत आलेल्या मूठभरांबरोबर देवी आली, क्षयरोगही पसरला, आणि १८७७ मध्ये बेटावर केवळ १११ माणसे उरली. त्याच उलथापालथीत रोंगोरोंगो ही लिपी वाचू शकणारे गेले. तिच्या उरलेल्या दोन डझनांच्या आसपास लाकडी फलकांपैकी एकही बेटावर नाही आणि ती आजही वाचता आलेली नाही.

१४. तेथील लोक स्वतःला चिलीचे समजतात का? कोणती भाषा चालते?

प्रशासनाची, बँकेची आणि विमानतळाची भाषा स्पॅनिश. घरातली आणि गाण्यांतली रापा नुई. एक भाषा कचेरीत आणि दुसरी चुलीपाशी, ही स्थिती सीमाभागातील वाचकाला वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. बेट दीर्घकाळ मेंढपाळीसाठी एका कंपनीला दिलेले होते, लोकांना हांगा रोआपुरतेच कोंडून ठेवले गेले होते आणि पूर्ण नागरिकत्व १९६६ मध्ये मिळाले. जमिनीचे हक्क आणि स्वायत्तता हे विषय आजही हळवे आहेत. पाहुण्याने त्यावर मत देण्यापेक्षा ऐकावे. ‘इओराना’ हा नमस्कार आणि ‘माउरुउरु’ हे आभार, एवढे दोन शब्द पाठ असले तरी समोरचा चेहरा खुलतो.

१५. मूर्तीला नारळ वाढवून हळदकुंकू लावले तर चालेल का? निदान हात तरी लावता येतो का?

दोन्ही नाही. दगडासमोर उभे राहिल्यावर हात आपोआप पुढे जातो, हे समजण्यासारखे आहे. परंतु हा खडक राखेचा, मऊ आणि सच्छिद्र आहे, आणि तेल किंवा कुंकू त्यात मुरले की निघत नाही. आहूवर चढणे, त्यावर बसणे, चुकून पाय ठेवणे हेदेखील वर्ज्य आहे, कारण अनेक आहूंमध्ये पूर्वजांच्या अस्थी आहेत. २००८ मध्ये फिनलंडच्या एका पर्यटकाने अनाकेना येथे मोआईच्या कानाचा तुकडा तोडला आणि त्याला सुमारे १७ हजार डॉलर दंड झाला. आठवण म्हणून खडा उचलून आणणेही गुन्हा ठरू शकतो. मनातल्या मनात हात जोडण्यास कोणाचीच हरकत नाही.

१६. आम्ही शुद्ध शाकाहारी आहोत. तेथे काय खायचे? कुंदा, मांडे, चटण्या नेता येतील का?

बेटावर मासळी आणि मांस प्रमुख असले तरी रताळी, अळकुड्या, केळी, अननस आणि पेरू मिळतात. केळी किंवा भोपळा घालून भाजलेला पोए हा गोड पदार्थ बहुतेकांना आवडतो. भाजी-चीजच्या करंजीसारख्या एम्पानादा मिळतात, मात्र चरबीबद्दल विचारून घ्यावे. स्वयंपाकघर असलेले निवास घेतल्यास प्रश्न बराच सुटतो. तांदूळ आणि मसूर तेथील दुकानांत मिळतात, फक्त मुख्य भूमीहून महाग.

बरोबर नेण्याबाबत चिलीचे कृषी खाते फार कडक आहे. ताजी फळे, भाज्या, बियाणे, मध आणि दुधाचे पदार्थ हे संशयाचे विषय. कुंदा दुधाचा असल्याने तो जप्त होण्याची शक्यता मोठी आहे, तेव्हा तो येथेच खाऊन निघावे. मांडे, भाजलेल्या पिठाचे पदार्थ आणि कारखान्यात बंद केलेली तयार पाकिटे तुलनेने निर्धोक. घरी बांधलेल्या शेंगदाणा चटणीच्या पुडीवर ना नाव असते ना घटक. विमानात मिळणाऱ्या घोषणापत्रात जे आहे ते सर्व लिहावे. घोषित केलेली वस्तू काढून घेतली तरी दंड होत नाही. लपवलेली सापडली तर होतो. पिशवीत विसरलेले एक सफरचंदसुद्धा यात मोडते.

१७. मुलगा अमेरिकेत आहे. आम्ही त्याच्याकडूनच पुढे जाणार आहोत. तरीही चिलीचा व्हिसा लागेल का?

ज्या भारतीयाकडे किमान सहा महिने वैध असलेला अमेरिकेचा व्हिसा आहे, आणि तो केवळ संक्रमण प्रकारचा नाही, त्याला पर्यटनासाठी चिलीचा व्हिसा न घेता प्रवेश देण्याची सवलत २०१९ पासून आहे. दोन खबरदाऱ्या घ्याव्यात. अमेरिकेच्या व्हिसाची मुदत चिलीत उतरण्याच्या दिवसापासून मोजून पाहावी, आणि मुंबईतील विमान कर्मचाऱ्याला दाखवण्यासाठी नियमाची छापील प्रत जवळ ठेवावी. याउलट, अमेरिकेचा व्हिसा नसताना अमेरिकेतून केवळ विमान बदलण्याचे तिकीट काढू नये, कारण तेथे विमानतळाबाहेर न पडताही व्हिसा लागतो. युरोपातील काही देशही भारतीयांकडून विमानतळ-संक्रमण व्हिसा मागतात. बेटाच्या प्रवेश-अर्जातून मात्र कोणालाच सूट नाही (प्रश्न क्र. ४).

१८. पैसे कसे न्यावेत? पॅकेजवर टीसीएस कापला, तो परत मिळतो का?

चलन चिलीचे पेसो. भारतातून डॉलर न्यावेत आणि सांतियागोत थोडे पेसो करून घ्यावेत. बेटावर एटीएम मोजकी आहेत. परदेशी सहलीच्या पॅकेजवर कापलेला टीसीएस हा आगाऊ भरलेला करच असतो. आयकर विवरणपत्रात तो दाखवून समायोजित करता येतो किंवा परतावा मिळतो. पॅन ज्याचे दिले त्याच्याच नावे तो जमा होतो, म्हणून वडिलांच्या सहलीचे पैसे मुलाने भरताना हे आधी ठरवावे.

१९. वयस्क आईवडिलांना नेता येईल का? गाडी स्वतः चालवता येते का?

गुडघ्यांचे दुखणे असेल तरी तोंगारिकी, अनाकेना, ताहाई आणि अकिवी वाहनातून उतरून थोडे चालून पाहता येतात. रानो राराकूला चढउतार आहे आणि ५०७ मीटरच्या तेरेवाका शिखराची पायपीट सोडून द्यावी. हांगा रोआत रुग्णालय आहे, परंतु गंभीर रुग्णाला विमानाने मुख्य भूमीवर न्यावे लागते. म्हणून वैद्यकीय स्थलांतराचा समावेश असलेला विमा ज्येष्ठांसाठी अनिवार्य समजावा. नेहमीची औषधे जास्तीच्या दिवसांची घ्यावीत. डेंग्यू पसरवणारा डास बेटावर आहे, त्यामुळे मलमही हवे.

गाडी भाड्याने मिळते. बेळगावच्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून मूळ परवान्यासह न्यावा. वाहतूक उजव्या बाजूने चालते, रस्त्यावर मोकळे घोडे असतात आणि वाहनाच्या नुकसानीचा विमा सहसा मिळत नाही; पोचा पडला तर खिशातून भरावा लागतो. गाडी असली तरी मार्गदर्शकाचा नियम लागू राहतो (प्रश्न क्र. १०).

२०. परतीचे विमान रद्द झाले आणि ३० दिवसांची किंवा व्हिसाची मुदत उलटली तर?

चार-पाच दिवसांच्या सहलीत ३० दिवसांचा प्रश्न सहसा येत नाही. अडचण येते ती पुढच्या तिकिटांची. विमान रद्द झाल्याचे कंपनीकडून लेखी घ्यावे, निवास वाढवल्याची पावती ठेवावी आणि मुदत ओलांडण्याची शक्यता दिसताच हांगा रोआतील प्रांतिक प्रशासनाच्या कार्यालयात जाऊन नोंद करावी. मुदत संपल्यावर जाण्यापेक्षा आधी जाणे नेहमीच सोपे पडते. घरी फोन करताना वेळ लक्षात घ्यावी : बेट आपल्या साडेदहा तास मागे असते, आणि तेथील हिवाळ्यात साडेअकरा तास. बेळगावात सकाळचे आठ वाजलेले असतात तेव्हा तेथील उन्हाळ्यात आदल्या रात्रीचे साडेनऊ झालेले असतात. तारखेचा हा फरक विमा कंपनीला घटना कळवतानाही स्पष्ट लिहावा, कारण चुकीच्या तारखेमुळे दावा अडकतो.